थंडीतलं कोमट पाणी

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ मला नीट येत नाही आणि माझं अक्षर तोडणीनंतर फडात पाचट पडावं तसं कसंही पडतं. वाचणाऱ्यानं माफ करावं. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही माहेरी, मांडवगण फराट्याला. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्या जावेची मुलगी प्राजू मोठी झाली की विचारील, आजी (म्हणजे माझ्या सासूबाई) समुद्र बघायला का गेली आणि येताना घरी न जाता आधी खुटबावला का उतरली. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, तोंड कोरडं पडतं. म्हणून लिहून ठेवते.

आम्ही न्हावऱ्याचे. माझे धाकटे दीर संतोष भाऊजी एका कारखान्यात कामाला होते. दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, कामावरच्या पोरांबरोबर मिनीबसनं कोकणात फिरायला गेले आणि तिथं समुद्रात बुडाले. भाऊजी गावातले सगळ्यांत चांगले पोहणारे. भीमा दुथडी भरून चालली असताना या काठाहून त्या काठाला गेलेले. विहिरीत कोणाची कळशी पडली, मोटर अडकली की भाऊजींना हाक जायची. असा माणूस बुडाला, हे कोणाला पटेना.

माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांना तर मुळीच पटलं नाही. त्या म्हणायच्या, "मार्गशीर्षाच्या थंडीत शुद्धीतला माणूस पाण्यात उतरंल का? ढोसली असणार त्यानं. आन् ढोसली कशापायी? घरात भांडान झालं म्हणून." भांडण खरंच झालं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी सुरेखा, माझी जाऊ, त्यांना म्हणाली होती, पोरगी तापानं फणफणलीय आणि तुम्हाला फिरायचं सुचतंय. एवढंच. पण आत्याबाईंच्या मनात त्याचा डोंगर झाला. तेराव्यानंतर त्या भर ओसरीत सुरेखाला म्हणाल्या, "तुझ्या तोंडानं माझं लेकरू पाण्यात घातलं." सुरेखानं त्याच दिवशी प्राजूला काखेत मारलं आणि खुटबावला माहेरी गेली. ती परत आली नाही. आम्ही बोलावलंही नाही.

एकीनं तसं म्हटलं आणि आम्ही बाकीच्यांनी ऐकून घेतलं. मीसुद्धा.

यंदा त्याच महिन्यात, भाऊजींबरोबर गेलेला त्यांचा मित्र घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तिथल्या टपरीवाल्या हिराबाईंनी त्यांच्या दोरीवरचं पातळ आणून संतोषला झाकलं होतं. आमच्यापाशी टॉवेलसुद्धा धड नव्हता." ते पातळ भाऊजींबरोबर घरी आलं होतं. निळ्या काठाचं. आत्याबाईंनी ते धुऊन पेटीत ठेवलं होतं, पण कोणाचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "मंगल, त्या बाईला नवं पातळ नेऊन द्यायचं. परक्या लेकराला नेसायचं दिलं तिनं. तू चल माझ्यासंगं."

आमचे मालक म्हणाले, "अगं आये, एवढ्या लांब? कुरिअरनं धाडू की."

"तुझा भाऊ कुरिअरनं आला व्हता काय?" आत्याबाई म्हणाल्या.

शिरूरच्या बाजारातून हिरवं पातळ, खण आणि नारळ घेतला. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून घेतला आणि चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. बायांना अर्धं तिकीट असल्यामुळं गाडीत बायाच जास्त. अंगावर शाल, कानाला रुमाल, आणि तरी खिडकीच्या फटीतून वारं कापत होतं. भीमेच्या पुलावर गाडी आली तेव्हा नदीवर धुकं होतं. पुलाच्या एका अंगाला दगडांवरून पाणी खळाळत होतं, दुसऱ्या अंगाला डोहासारखं उभं होतं. आत्याबाई तिकडं बोट करून म्हणाल्या, "हितंच त्याला पवाय शिकवलं त्याच्या बापानं. म्या काठावर उभी ऱ्हाऊन वरडायची."

पुढं खुटबावचा फाटा आला. एक बाई उतरली, दोघी चढल्या. आत्याबाईंनी तोंड फिरवून दुसऱ्या खिडकीतून बघितलं.

पुण्याला गाडी बदलली. घाट लागल्यावर माझी तब्येत बिघडली. मी जन्मात एवढी वळणं बघितली नव्हती. डोकं खिडकीबाहेर काढलं आणि सकाळची भाकरी घाटाला दिली. मागच्या सीटवरचा एक माणूस ओरडला, "ओ ताई, जरा सांगून तरी! माझी खिडकी उघडी हाय." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई मागं वळून म्हणाल्या, "दादा, वकारी काय सांगून येती व्हय? लावा की खिडकी." तो माणूस हसला आणि त्यानं पुढं एक आवळ्याची सुपारी दिली. घाट उतरल्यावर मात्र नवल झालं. शाल नकोशी झाली. माडाची झाडं दिसू लागली, हवा ओलसर आणि उबदार. मार्गशीर्ष आमच्याबरोबर घाटावरून खाली उतरलाच नव्हता.

दिवस कलताना आम्ही त्या गावाला पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांचा त्यात काही दोष नाही. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समुद्र दिसला. मी थांबलेच. आमच्याकडं पाण्याला पलीकडचा काठ असतो, त्यामुळं नजर कुठंतरी टेकते. इथं टेकायला काही नव्हतं. आत्याबाईंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. वाळूत एका काठीला लाल निशाण लावलं होतं. मला वाटलं म्हसोबाचं ठाणं असेल, म्हणून मी चप्पल काढून हात जोडले. जवळच्या टपरीतली बाई हसायला लागली.

"अगो बाय, पाया कसल्या पडतेस? ते देवाचं नाही, तिथं उतरू नका म्हणून लावलंय. सगळे घाटावरचे असेच नमस्कार करतात आणि त्याच्या बाजूनं पाण्यात जातात."

तीच हिराबाई. वयानं आत्याबाईंपेक्षा थोडी लहान, केसांत अबोलीचा गजरा, चहा आणि कांदाभजीची टपरी. आत्याबाईंनी आपलं नाव सांगितलं नाही, मुलाचं सांगितलं. आणि विचारलं, "निळ्या काठाचं पातळ तुमचंच का?"

हिराबाईच्या हातातला झारा कढईतच राहिला. भजी करपली. मग तिनं गॅस बंद केला आणि टपरीला कुलूप लावलं. म्हणाली, "घरी चला. हे इथं उभ्यानं बोलायचं नाही."

तिच्या घरी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी (कोकमाची, नारळाच्या दुधातली) असं जेवण केलं. आम्ही बाजरीची भाकरी बाहेर काढली, तिनं ती मोडून कौतुकानं खाल्ली. म्हणाली, "ही तर पापडाच्या वरची. दात असेपर्यंतच खावी." जेवताना कोणी विषय काढला नाही. मी नवीन पातळ पुढं केलं तेव्हा तिनं ते मांडीवर घेतलं आणि नुसती हात फिरवत बसली. मी तिची ओटी भरली. मग आत्याबाईंनी जे विचारायचं होतं ते विचारलं.

"खरं सांगा बाई. कसं बी असलं तरी चालंल. माझं पोर पिऊन उतरलं व्हतं का?"

हिराबाई म्हणाली, "नाही हो. बाकीचे बाटल्या घेऊन सुरूत बसले होते. तो माझ्या टपरीवर एकटा बसलेला. दोन वेळा चहा घेतला. मुलीला ताप आहे म्हणून घरी फोन लावत होता, लागत नव्हता. मला म्हणाला, मावशी, हिला बरं नसताना आलो, चुकलंच माझं."

आत्याबाई माझ्याकडं बघेनात. मी त्यांच्याकडं बघेना.

मग त्या म्हणाल्या, "मग एवढ्या थंडीत पाण्यात कशाला गेला?"

"थंडी कुठं होती? उद्या बघा तुम्हीच," हिराबाई म्हणाली आणि उठून भांडी गोळा करायला लागली.

सकाळी उजाडल्यावर आम्ही तिघी किनाऱ्यावर गेलो. सुकती होती (ओहोटीला तिथं सुकती म्हणतात), पाणी लांब गेलं होतं. ओली वाळू पायाला गार लागत होती. मी लुगडं खोचून पाऊलभर पाण्यात उभी राहिले आणि दचकले. पाणी कोमट होतं. बाळाला अंघोळ घालताना कोपर बुडवून बघतो ना, तसं. बाहेरची हवा त्याहून गार होती. आमच्या नदीत या दिवसांत पाय घातला तर हाड दुखतं, माणूस आपण होऊन बाहेर येतो. इथं बाहेर यावंसंच वाटेना.

मी म्हणाले, "आत्याबाई, कोमट हाय."

त्यांनी वाकून ओंजळ भरली. पाणी बोटांतून गळून गेलं तरी त्या हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

हिराबाई सांगत होती, समुद्राचं पाणी आमच्या नदीसारखं रोजच्या हवेबरोबर बदलत नाही. चैत्र-वैशाखात ते अंगाएवढं गरम होतं. पावसाळ्यात जरा गार आणि गढूळ, पण तेव्हा उधाण असतं, नारळी पुनवेपर्यंत होड्यासुद्धा निघत नाहीत. पाऊस सरला की कधी कधी झार येतो, काचेसारखा आरपार दिसणारा बुळबुळीत जीव, अंगाला लागला की आग आग होते. आणि थंडीच्या दिवसांत पाणी थोडं उतरतं, पण सकाळच्या हवेपेक्षा उबदारच राहतं. "घाटावरची माणसं थंडीतच जास्त येतात. पाणी उबदार लागलं की बसतात त्यात. किती वेळ झाला कळत नाही. दमतात, तेही कळत नाही."

मग ती म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं, मावशी, पाणी थंड असतं का? मी म्हटलं, नाही रे, कोमट असतं, हात घालून बघ. खरं तेच सांगितलं मी. पण पुढचं सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक आलं, मी भजी सोडायला वळले."

आत्याबाईंनी पिशवीतून नारळ आणि खण काढला. हा दुसरा खण-नारळ त्यांनी कधी घेतला मला माहीत नव्हतं. मला म्हणाल्या, "वटी भर पाण्याची."

मी बघतच राहिले. "ह्या पाण्याची?"

"पाण्याला शिव्या घालून पोर मिळणार हाय का? भर."

हिराबाई म्हणाली, "दर्या बाप्या आहे हो, त्याची ओटी भरत नाहीत. नारळ नुसता द्या." पण आम्हाला आमचीच रीत माहीत. नदीला ओटी सोडताना खळखळाटात सोडत नाहीत, ती परत काठाला येते आणि मग बरं नाही म्हणतात. शांत पाणी बघून सोडायची. मी बघितलं. उजवीकडं लाटा फुटत होत्या, डावीकडंही फुटत होत्या. मधे एक पट्टा होता, तिथं लाट नव्हती, फेस नव्हता. गडद, नुसतं हलणारं पाणी, आमच्या डोहासारखं. मी खणात गुंडाळलेला नारळ घेऊन तिकडं निघाले. गुडघाभर पाण्यात गेले असेन.

मागून माझा दंड कोणीतरी असा ओढला की मी खालीच बसले. हिराबाई होती. धापा टाकत म्हणाली, "कुठं चाललीस? निशाण कशाला लावलंय?"

"शांत बघून चालले व्हते," मी म्हणाले.

"तेच! तुम्ही सगळे तेच करता!" तिनं माझ्या हातातला नारळ घेतला आणि त्या शांत पट्ट्यात टाकला. "बघ आता."

नारळ जरा वेळ डुलला. मग निघाला. लाटेबरोबर काठाकडं येईल असं मला वाटत होतं, तो आत चालला. कोणी दोरी बांधून ओढत न्यावं तसा, सरळ, लाटांच्या मधून, पलीकडं. खणाचा लाल रंग थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

हिराबाई सांगू लागली. लाटा काठाला एवढं पाणी आणून टाकतात, ते कुठून तरी परत जायलाच हवं. ते एका वाटेनं परत जातं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून ती शांत दिसते. तिथं ओढ असते. त्यात सापडलं तर काठाकडं तोंड करून हात मारायचे नाहीत, कितीही पट्टीचा पोहणारा असो, दमतो. काठाच्या बाजूबाजूनं आडवं जायचं, ओढ संपते तिथं लाटाच बाहेर आणतात. आडवं जमत नसेल तर उताणं पडून तरंगायचं आणि हात वर करून ओरडायचं. "तो सरळ माझ्या टपरीकडं तोंड करून हात मारत होता. ओरडला नाही. पोहता येणाऱ्याला ओरडायची लाज वाटते. आम्हाला वाटलं, मजेत पोहतोय. कळलं तेव्हा होडी काढली, पण..."

आत्याबाई वाळूत बसल्या. पदर ओला होत होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. मी जवळ बसले. त्या बोलल्या, माझ्याशी नाही, समोर बघून.

"संत्या, खळखळाटात जाऊ नगंस. पाणी उभं ऱ्हातंय तिथं उतर. शांत असतंय तिथं उतर." मग म्हणाल्या, "काठावर उभी ऱ्हाऊन म्या हेच वरडायची. रोज. त्यानं माझंच ऐकलं गं."

त्या वेळी त्या रडल्या नाहीत. हिराबाई रडली.

त्याच दिवशी परत निघालो. हिराबाईनं कोकमं आणि सुके बोंबील बांधून दिले. एसटीत बसताना आत्याबाईंचा हात धरून म्हणाली, "मी आता प्रत्येकाला सांगते. गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल." घाट चढताना पुन्हा थंडी अंगावर आली. शाल ओढून घेतली. आत्याबाईंनी वाटेत घासही घेतला नाही.

पुण्याहून पुढं निघालो तेव्हा ऊन कलतं होतं. यवत मागं पडल्यावर त्या मला म्हणाल्या, "खुटबावच्या फाट्यावर थांबवाय सांग."

कंडक्टरला मी हाक मारायची, म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण मारली.

सुरेखाच्या माहेरी तिची आई कांदे निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. "बसा," एवढंच म्हणाली. सुरेखा आतून आली, दारात उभी राहिली आणि उंबरा ओलांडला नाही. परक्या वाटसरूलाही आमच्याकडं आधी तांब्याभर पाणी देतात. आम्हाला कोणी पाणी दिलं नाही. मी खाली मान घालून कांद्याची पात बघत बसले.

प्राजू तेवढी धावत आली. तिला काय ठाऊक. माझ्या पिशवीत हात घालून कोकमं काढली, तोंड वाकडं केलं. मग आत्याबाईंना म्हणाली, "आज्जे, तू समुद्राला गेलीवतीस? तिथलं पाणी थंड असतंय का गं?"

आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं. प्राजूकडं बघत, पण ऐकू जाईल असं दारापर्यंत, म्हणाल्या, "न्हाई बाळा. कोमट असतंय. थंडीत बी कोमटच असतंय."

सुरेखानं दाराची चौकट धरली.

"तुझ्या बापानं थेंब घेतला नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. "तुला फोन लावीत बसला व्हता. मग माझं ऐकून शांत पाण्यात उतरला. तुझ्या आईचा त्यात काय बी दोष न्हाई. म्या वंगाळ बोलले तिला. भर ओसरीत बोलले. तवा आता भर वट्यावर सांगती."

सुरेखाची आई कांदे निवडायची थांबली.

सुरेखा म्हणाली, "म्या पयल्या दिवसापास्नं सांगत हुते, ते घेत नव्हते म्हणून."

"व्हय."

"कुणी ऐकलं न्हाई. ह्या बी न्हाई." ह्या म्हणजे मी.

"न्हाई ऐकलं," मी म्हणाले. मला तेवढंच बोलता आलं.

ती आत गेली. मला वाटलं, दार लागेल. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि आत्याबाईंच्या समोर धरला. आत्याबाईंनी तांब्या तोंडाला लावला, मान मागं टाकून सगळा संपवला, आणि मग त्या रडल्या. दोन वर्षांचं रडल्या.

सुरेखा आमच्याबरोबर आली नाही. आम्हीही चल म्हटलं नाही, तो हक्क आम्ही घालवला होता. पण फाट्यापर्यंत पोचवायला आली, आणि एसटी दिसल्यावर म्हणाली, "संक्रांतीला प्राजूला धाडीन. न्यायला तुम्ही या, आत्याबाई."

भीमेच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर थोडासा उजेड उरला होता. एका अंगाला खळखळाट, दुसऱ्या अंगाला डोह. आत्याबाई त्या डोहाकडं बघत होत्या. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि गाडीत माणसं भरलेली होती. मी तरीही बोलले.

"आत्याबाई, तुम्ही वरडून सांगायचा ते खोटं न्हवतं. ह्या पाण्याचं ते खरंच हाय."

त्यांनी माझा हात त्यांच्या शालीत घेतला. "व्हय गं," म्हणाल्या, "पर पाणी बदललं, हे त्याला कुणी सांगायचं?"

प्राजू, संक्रांतीला तू आलीस की आजी तुला नदीवर नेणार आहे. पोहायला शिक. शांत पाण्यात उतर, पण ते इथल्यापुरतं. आणि कधी समुद्राला गेलीस, तर पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचार. पाणी थंड आहे का, एवढं विचारून थांबू नकोस.